सरावातला रुग्ण

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. उजव्या कानाची गादी उसवलेली, वायरला चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तोंडापुढे वाकणारा बारीकसा माइक, असा माझा अवतार आहे. एका मोठ्या कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. तिथल्या कामगार बाईंनी माझ्यातून एकदा शिट्टीचा आवाज ऐकला, मान हलवली आणि मला खोक्यात बंद केले. एवढ्याशा परीक्षेवर मी जगात आलो.

माझ्या मालकीणबाई दवाखान्यात परिचारिका आहेत. आधी त्यांच्या मुलीने गाण्यांसाठी मला ओढले, आपटले आणि शेवटी खणात टाकून दिले. मग बाईंनी घरबसल्या एक अभ्यासक्रम करायचे ठरवले आणि मी त्यांच्या डोक्यावर चढलो. विषय होता जगभरातल्या माणसांचे मानसिक आरोग्य. जगाचं नंतर बघ, आधी आपल्या घरातली डोकी तपास, असे सासूबाई म्हणाल्या. बाई हसल्या, पण अभ्यास सोडला नाही.

शिक्षक साता समुद्रापलीकडे, विद्यार्थी देशोदेशीचे. खचलेला माणूस कुठे 'छाती जड झाली' म्हणतो, कुठे 'डोक्यात मुंग्या चालतात' म्हणतो, हे मी त्या वर्गातच ऐकले. आमची भाषा बोलणारे वर्गात आणखी एकच जण होते, दूरच्या गावातले एक शाळामास्तर. म्हणून त्यांची आणि बाईंची जोडी लागली. रविवारी दुपारी दोघे सराव करत. एकाने समुपदेशक व्हायचे, दुसऱ्याने रुग्ण. रुग्णाची गोष्ट मनाने रचायची, असा नियम होता.

मास्तर रुग्ण फार छान होत. जेवण मातीसारखं लागतं, म्हणत. वर्गात मुलं हसतात ते भिंतीपलीकडून ऐकू आल्यासारखं वाटतं, म्हणत. सराव संपला की मोठ्याने हसत. तुम्ही चुकून शाळेत गेलात, नाटकात जायला हवं होतं, असे बाई त्यांना चिडवत. शिक्षकांनीही या जोडीचे कौतुक केले.

मला मात्र भीती वाटू लागली. बाई शब्द टिपून घेत, तेव्हा मी श्वासही ऐकत होतो. रुग्ण झाले की मास्तरांचा श्वास मोकळा होई, डोक्यावरचे ओझे उतरवल्यासारखा. सराव संपून हसू लागले की तो अडखळे. नाटक कुठले आणि खरे कुठले, ते मला कळत होते. पण माझा माइक दुसऱ्यांच्या बोलण्यासाठी आहे. मी काय सांगणार?

एका रविवारी रुग्ण व्हायची पाळी बाईंची होती.

"ताई, आजही मीच होतो," मास्तर म्हणाले. "मला आता सवय झालीय."

बाई हसून हो म्हणाल्या. पहिला प्रश्न विचारायला त्यांनी तोंड उघडले आणि 'सवय' हा शब्द खटकून त्या थांबल्या. त्यांच्या कानशिलाची नस माझ्या गादीखाली धडधडू लागली.

"मास्तर, सराव राहू दे. आता मी रुग्णाला नाही, तुम्हाला विचारतेय. मरून जावं असं तुमच्या मनात येतं का?"

असे सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते, हे वर्गात शिकवले होते. बाईंनी ते परीक्षेत लिहिलेही होते. पण आता त्या माझी वायर बोटांभोवती गच्च गुंडाळत होत्या. चिकटपट्टीच्या आतली तार तुटायला आली होती. आत्ता नको, आत्ता नको, असे मी स्वतःला बजावत राहिलो.

पलीकडे पंखा घरघरत होता. मास्तर हसले नाहीत.

"येतं, ताई. हल्ली रोज येतं."

"सांगितलंत ते फार बरं केलंत. घरात आत्ता कोण आहे?"

"धाकटा भाऊ. पण त्याच्या जिवाला उगाच घोर कशाला?"

"भाऊ असतो कशासाठी मग? बोलवा त्याला. कॉल बंद करू नका, मी इथेच बसलेय."

खुर्ची सरकली. पावले दूर गेली. एक दार वाजले आणि मग नुसता पंखा. बाईंनी मला दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरले. ती पावले भावाकडे गेली की आणखी कुठे, हे आम्हां दोघांनाही कळत नव्हते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू जपून वापरा, असे मी सांगायला हवे. पण त्या शांततेत मला वेगळेच सांगावेसे वाटले. कुणी आपले दुःख गोष्ट म्हणून, गंमत म्हणून सांगितले, तर वाहवा करण्याआधी 'हे तुझंच आहे का?' असे विचारा. तुमचेच असेल, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत कान काढून घेऊ नका.

बाईंनी काढला नाही. दार पुन्हा वाजले. या वेळी पावले दोघांची होती.

"मी धाकटा भाऊ बोलतोय," एक अनोळखी आवाज म्हणाला. "दादा माझ्याशेजारीच बसलाय. आता मी काय करू, ते सांगा."