अंगठ्याची जागा

मित्रांनो, मी एक जुनी मूठ आहे. हसू नका! मुठीला कसलं आलंय चरित्र, असं तुम्हाला वाटेल. पण गळाने मासे पकडायची काठी माणूस जिथे धरतो ना, ती जागा म्हणजे मी. बाकीची काठी नुसती वाकते आणि भाव खाऊन जाते.

बाटलीला ज्याचं बूच लावतात, त्या कॉर्कची मी बनलेली आहे. कॉर्क म्हणजे एका झाडाची जाड साल. आमच्या कारागिराने तिच्या चकत्या एकीवर एक चिकटवल्या, गरगर फिरणाऱ्या लेथवर चढवल्या आणि कानशीने घासून मला आकार दिला. माझ्या अंगावर बारीक बारीक छिद्रं होती. कॉर्कला ती असतातच, त्यात लाजायचं काय? कॉर्कचाच भुगा सरसात कालवून त्याने ती बुजवली आणि मला पुन्हा घासलं. आता राहिलं होतं फक्त वॉर्निश. फडक्याने पातळ वॉर्निशचे दोन हात चोळले की मुठीचं अंग बंद होतं. मग पाणी आत जात नाही, घाम मुरत नाही, मळ बसत नाही.

ते वॉर्निश माझ्या नशिबी आलंच नाही. मी गिऱ्हाइकाची नव्हते, त्याच्या स्वतःच्या काठीची होते. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

सुट्टीच्या दिवशी तो गुडघाभर पाण्यात तासन्‌तास न हलता उभा राहायचा, म्हणून गल्लीत सगळे त्याला बगळेबुवा म्हणायचे. त्याच्या काठ्यांच्या दुकानासमोरचा शिंपी तर रोज टोमणा मारायचा, "काय हो बगळेबुवा, लोकांच्या मुठी चकाचक आणि स्वतःची बघा, तव्यासारखी काळी! घाला की तिला एकदा अंघोळ."

"तिची माझी ओळख आहे. तुमचं काय जातंय?" असं म्हणून तो मला उचलायचा आणि चालू पडायचा.

ओळख खरोखरच होती. त्याच्या हाताचा घाम, नदीचं पाणी, माशांचं तेल, सगळं मी पीत गेले आणि काळी पडत गेले. जिथे त्याचा अंगठा टेकायचा तिथे हळूहळू एक खळगा पडला. लहानपणी दारात चेमटून त्याचा अंगठा वाकडा झाला होता, म्हणून खळगाही तिरपाच पडला. दुसऱ्या कुणी मला धरलं की त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. मला आतल्या आत गंमत वाटायची.

मग एका हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ दाटला. त्याने अंथरूण धरलं आणि तो गेला. इतकंच सांगते. त्या दिवसाबद्दल जास्त बोलवत नाही मला.

त्याच्या बायकोची नजर तेव्हा जवळजवळ गेलेली होती. लेकीने वडिलांचा मोठा फोटो करून भिंतीवर लावला, पण आईला फोटो काय आणि भिंत काय, सारखंच. दुपारी जेवून लेक पुन्हा बाबांच्या दुकानात गेली की आई चाचपडत कोपऱ्यातली काठी घ्यायची, दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि माझ्यावरच्या खळग्यात आपला अंगठा ठेवायची. एकदा अंगठा बसला, की तिचा चेहरा सैल व्हायचा.

"अहो, ऐकताय ना?" ती म्हणायची. "आज आमटीत मीठ जास्त पडलं. पोरगी काही बोलली नाही, मुकाट्याने जेवली. तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतंत."

असं ती तासभर बोलायची. लेक यायच्या आत काठी पुन्हा कोपऱ्यात जायची.

पण माझंही वय झालं होतं. खालच्या एका चकतीला चीर गेली आणि कॉर्कचा भुगा आईच्या मांडीवर पडायला लागला. ती तो बोटांनी गोळा करायची आणि घाबरायची. शेवटी तिने लेकीला सांगितलंच, "अगं, ही झडायला लागली बघ. काहीतरी कर, पण एवढी वाचव."

"एवढंच ना? दे इकडे," लेक म्हणाली. "बाबांनी मला दुसरं शिकवलंय काय!"

लेकीचा हात फार चांगला. वडिलांचा एक नियम तिच्या अंगात भिनलेला होता: मळावर कधी वॉर्निश चढवायचं नाही. मळ आत कोंडला की मूठ जन्मभर मळकी राहते, म्हणून आधी गोरं कॉर्क दिसलं पाहिजे. हा नियम मोडला म्हणून त्याने तिला लहानपणी एक अख्खी मूठ पुन्हा घासायला लावली होती. ती पोरगी नियम कशी विसरेल?

खरं तर चिरेत सरसाचा एक थेंब पुरला असता. पण तिने मला लेथवर चढवलं आणि पॉलिश पेपर हातात घेतला. खळगा तिला दिसला. "बाबा, काय छळलंत हो हिला," असं म्हणत ती हसली आणि तिने डोळे पुसले. तिच्या लेखी खळगा म्हणजे झीज, आणि झीज म्हणजे दुरुस्ती. अगं थांब, थांब, असं मला ओरडायचं होतं, पण मुठीला तोंड कुठे असतं? तिने भुगा आणि सरस कालवून खळगा गच्च भरला आणि वाळल्यावर मला गोरीपान होईपर्यंत घासलं. खाली काळी धूळ पडली. ती केराच्या टोपलीत गेली. मग तिने वॉर्निशचे दोन हात दिले, अगदी शिकवल्याप्रमाणे.

"आई, बघ, नव्यासारखी झाली!"

आईने मला हातात घेतलं. अंगठा आपल्या जागी गेला आणि घसरला. तो वर गेला, खाली आला. आपण उलटी धरली असेल असं वाटून तिने मला फिरवलं आणि पुन्हा शोधलं.

"अगं, ही आपलीच ना?"

"आपलीच गं, बाबांचीच. असं काय करतेस?"

आईने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "छान केलंस हो. अगदी त्यांचा हात आहे तुला. आता दुकानातच ठेव ही. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

लेक काठी घ्यायला वाकली आणि थांबली. आईचा अंगठा अजून वॉर्निशवरून फिरत होता, त्याच तिरप्या रेषेत. मग तिला कळलं. तिने तो अंगठा हातात धरला.

"आई, मला सांगायचंस ना गं!"

"काय सांगू, वेडे? तुझी आई दुपारची काठीशी बोलत बसते म्हणून?"

तेव्हापासून मी दुकानातल्या खुंटीवर आहे. लेक मला विकत नाही आणि माझ्याकडे बघतही नाही. ती सकाळी येते ती खाली मान घालून. मला तिची फार दया येते. तिने काही वाईट केलं नाही.

म्हणून मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, हे तर मी सांगेनच. पण एखादी जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा आधी घरात विचारा, की हिच्यातलं काय राहू द्यायचं आहे. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही माझा निरोप द्या. म्हणावं, सांगायला लाजू नका. पोरं हसली तर हसू देत.