बिननावाचं वाक्य

धाकटीला माणूस चटकन ओळखता यायचा. कोण काय ऐकलं की खूश होतो, कोणासमोर गप्प राहिलं की तो आपणहून बोलायला लागतो, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. असं देणं देवच देतो. त्याचं पुढं काय करायचं ते मात्र तो ज्याच्या त्याच्यावर सोडतो, आणि सगळा घोळ तिथंच होतो.

कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीची सुट्टी होती. एका मोठ्या सल्लागार कंपनीत तिला उन्हाळ्यापुरती इंटर्नशिप मिळाली, तीही अ‍ॅनालिस्ट म्हणून. म्हणजे नेमकं काय, हे आईला समजावताना तिच्या नाकी नऊ आले.

"दुसऱ्यांनी आपली कंपनी कशी चालवावी ते आम्ही सांगतो."

"त्यांचं त्यांना कळत नाही?"

"कळतं गं. पण बाहेरच्यानं सांगितलं की पटतं."

"आणि तुला कळतं?"

यावर ताई हसून लोळायचीच बाकी राहिली. "अगं आई, हिला स्वतःचं कपाट लावता येत नाही, ही लोकांच्या कंपन्या लावणार!"

ताई थोरली. वडील गेले त्या वर्षी ती नोकरीला लागली आणि धाकटी शिकत राहिली. याची घरात कधी चर्चा झाली नाही, उपकारासारखं कोणी बोललं नाही. ताईचं तोंडच असं की, जड गोष्ट तिच्या हातात आली की हलकी होऊन बाहेर पडायची. ती लिफ्टच्या कंपनीत तक्रारीच्या खोलीत बसायची. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडली की फोन त्या खोलीत वाजायचा. तिच्या शेजारच्या खुर्चीवर मावशी. ही नात्यानं कोणाचीच मावशी नव्हे, अख्ख्या खोलीची मावशी. घाबरलेल्या माणसाशी कुठल्या सुरात बोलायचं, त्याला भिंतीला टेकून खाली कसं बसवायचं, मेकॅनिक कधी सोडायचा, हे सगळं तिनंच ताईला शिकवलेलं. दोघी डबा एकत्र खायच्या आणि भांडायच्याही एकत्रच.

इकडे धाकटीची मॅनेजरबाई. तिला पोरं मागून कात्री म्हणायची. पानावर एक शब्द जास्त दिसला की ती कापायची, आणि खोलीत एक माणूस जास्त दिसला तरी तसंच. तिच्या हाताखाली या उन्हाळ्यात दोन इंटर्न होते, धाकटी आणि एक जाड भिंगाचा मुलगा, ज्याला सगळे चष्म्या म्हणत. "शेवटच्या सादरीकरणानंतर दोघांपैकी एकाला कायमची नोकरी," असं कात्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेही असं गोड हसून की जणू खाऊ वाटणार आहे. त्या दिवसापासून धाकटीला दुसरं काही दिसेनासं झालं. ती नोकरी मिळाली तर घराचा नूर पालटणार होता. ताईलाही थोडं बसता येईल, असं ती स्वतःला सांगायची. अगदी खोटं होतं असंही नाही.

मग काम आलं, आणि काम निघालं लिफ्टच्या कंपनीचं. तीच कंपनी, तीच तक्रारीची खोली. ती चालू ठेवावी की बंद करून फोन यंत्राकडे द्यावेत, हे ठरवायचं होतं.

कात्रीनं दार लावून विचारलं, "कोणाच्या नात्यातलं कोणी तिथं आहे? असेल तर आत्ता सांगा, दुसऱ्या कामावर टाकते. शिक्षा नाही ही, नियम आहे. आणि नंतर मला बाहेरून कळलं, तर मात्र गाठ माझ्याशी आहे."

दुसरं काम म्हणजे तळमजल्यावर बसून जुन्या अहवालांची वर्गवारी. तिथं उतरलेलं पोर पुन्हा वर आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. धाकटीनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"नाही," चष्म्या म्हणाला.

"नाही," धाकटी म्हणाली.

ग्राहकाचं नाव घरीही काढायचं नाही, हा या धंद्याचा रिवाजच. तो तिच्या पथ्यावर पडला. "साबणाचा कारखाना आहे," तिनं घरी सांगून टाकलं. ताई म्हणाली, "बरं झालं, हात तरी स्वच्छ राहतील तुझे."

चष्म्याला लिफ्ट कंपनीच्याच मुख्य कार्यालयाचा माणूस म्हणून त्या खोलीत बसवलं. तो तिथं वही घेऊन बसला, सगळ्यांचा चहा प्यायला आणि हात हलवत परत आला. जो तो म्हणे, सगळं उत्तम चाललंय. धाकटी इकडे ऑफिसात फोनच्या वेळांची जुळवाजुळव करत होती, आणि तिला एक फट सापडली. फोन घेतल्यावर मेकॅनिक लगेच निघत नव्हता. कुठंतरी मध्येच वेळ मुरत होता.

कात्री खूश झाली, पण अर्धीच. "उशीर दिसतोय. का होतोय, ते कोण सांगणार? आकडे दाखवले की संचालक मान हलवतात, सही करत नाहीत. सहीला आवाज लागतो."

आवाज हा त्यांचा खास प्रकार. प्रत्येक महत्त्वाच्या पानाच्या कोपऱ्यात एक चौकट, चौकटीत तिथल्याच कोणाच्या तरी तोंडचं वाक्य, अवतरणात, आणि खाली फक्त दोन शब्द: एक कर्मचारी. नाव कधीच नाही. नाव गाळलं की वाक्य कोणाचंच उरत नाही, अशी तिथल्या सगळ्यांची पक्की समजूत होती. इतकी शिकलेली माणसं, पण बोलण्याला चेहरा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या धाकटीनं विषय काढला, अगदी सहज.

"ताई, लिफ्ट अडकली म्हणून फोन आला की लगेच माणूस पाठवता का गं?"

"छे! तक्रार आली की आम्ही तिला आधी झोपवतो. रडून उठली तरच कडेवर घेतो." ताईनं कडेवर पोर घेतल्याची नक्कलही केली. आई हसली. "आज मावशीच्या कानात हेच सांगितलं, तर ठसका लागला तिला. फोनवरच्या माणसाला वाटलं, बाईला काही झालं!"

"पण झोपवता का?"

"अगं, अर्ध्या वेळा कोणीतरी दारात खुर्ची अडकवलेली असते, नाहीतर कार्ट्यांनी सगळी बटणं दाबलेली असतात. जरा धीर दिला की लिफ्ट आपली आपण चालते. उगीच मेकॅनिक तिकडं पळवला आणि इकडं खरंच कोणी आत अडकलं, तर? माणूस आत असेल ना, तर आम्ही श्वास घ्यायलाही थांबत नाही. मावशीचा पहिला धडा तो."

आता जरा चित्त द्यावं. इथवर काही बिघडलं नव्हतं. बहिणीनं बहिणीला विश्वासानं एक गोष्ट सांगितली, एवढंच झालं होतं. अजून ती गोष्ट त्या ताटाभोवतीच होती.

सकाळी धाकटीनं सगळं लिहून कात्रीपुढं ठेवलं: झोपवणं, कडेवर घेणं, आणि माणूस आत असेल तर न थांबणंही.

"कुठून मिळवलंस?"

"फोनवर. तिथल्या एक बाई बोलल्या."

"नाव सांगू नकोस, मला नकोच आहे." कात्रीनं पेन उचललं. "लांबलंय. शेवटचं काढ."

"मॅडम, शेवटचं काढलं तर अर्थ..."

"अर्थ काय?"

धाकटीनं कागदावरून नजर उचलली. पलीकडं चष्म्या मान खाली घालून ऐकत होता. तिला वाटलं, आपण आता वाद घातला तर हा पुढं सरकेल.

"काही नाही," ती म्हणाली, आणि आपल्याच हातानं शेवटचं वाक्य खोडलं. आत जो साक्षी बसलेला असतो, त्यानं तेवढ्यात काहीतरी म्हटलं असणार. पण तो बिचारा ओरडत नाही.

सादरीकरणाला लिफ्ट कंपनीचे संचालक आले, बरोबर तक्रारीच्या खोलीचा सुपरवायझर. ते पान पडद्यावर आलं. सुपरवायझरनं चौकट वाचली आणि तो खो खो हसत सुटला.

संचालक हसले नाहीत. त्यांनी चष्म्याकडं बोट केलं. "तुम्ही बसला होतात ना तिथं? तुमच्यासमोर हे कोणी बोललं?"

"नाही सर."

"मग हे तुम्हीच रचलेलं दिसतंय. अशा चौकटींवर मी माणसं कमी करायची?"

कात्रीनं मान वळवून धाकटीकडं पाहिलं. त्या नजरेत दोन्ही दारं होती आणि दोन्ही उघडी होती. 'हो सर, माझी चूक, मीच लिहिलं,' एवढं म्हटलं असतं तर पान पडलं असतं, नोकरी गेली असती आणि ताई वाचली असती. धाकटीला हे सगळं लख्ख कळलं. कळलं नव्हतं, असं म्हणायला तिनं पुढं स्वतःलाही जागा ठेवली नाही.

"रचलेलं नाही सर," ती म्हणाली. "शब्दन् शब्द खरा आहे."

"कोण म्हणालं?"

"नाव आम्ही देत नाही."

"नाव हवंय कोणाला?" सुपरवायझर डोळे पुसत म्हणाला. "साहेब, अशी जीभ त्या खोलीत एकच आहे. तक्रारीचं बाळ करणारी दुसरी कोण असणार?"

"खोलीचं नंतर बघू," संचालक म्हणाले. "हिला आजच काढा. लोक लिफ्टमध्ये अडकतात आणि ही तक्रारी झोपवते!"

बाहेर आल्यावर कात्रीनं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. पहिल्यांदाच. "जमलं तुला. पत्र सोमवारी हातात पडेल. तोवर काही अंगाशी येऊ देऊ नकोस."

चष्म्यानं हात पुढं केला. "अभिनंदन. मला नाही मिळालं गं कोणाचं असं बोलणं," तो म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला.

ताई घरी आली तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. तिनं पिशवी खाली ठेवली नाही, हातात धरूनच बसून राहिली. "बेपर्वाई म्हणून काढलं," ती आईला म्हणाली. "असंच लिहून दिलंय. हे वाचल्यावर मला आता कोण उभं करणार? बाहेरची कुठलीतरी माणसं आली होती म्हणे. त्यांना माझं वाक्य जसंच्या तसं मिळालं. मी बाहेरच्या कोणाशी एक अक्षर बोलले नाही. ते फक्त मावशीला सांगितलं होतं. आणि इथं, आपल्यात."

धाकटी पाणी आणायला म्हणून उठली. पण ताईची नजर तिच्यावरून सरळ पुढं गेली, जशी आपल्याच हातावरून जाते.

"म्हणजे मावशीच," ताई म्हणाली. "सगळ्यांसमोर तोंडावर सांगून आले. म्हटलं, शिकवलंस तूच आणि विकलंसही तूच. म्हातारी नुसती बघत राहिली."

आई पदर डोळ्याला लावून बसली. धाकटीनं पाणी आणून दिलं. ताईनं पेला घेतला आणि तशातही तिचा हात दाबला. "तुझं ते साबणाचं काय झालं?"

"मिळतेय नोकरी. सोमवारी पत्र."

ताईनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून ती मोकळेपणी रडली. "चला, घरातलं एक तरी नीट लागलं," ती म्हणत राहिली. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. किती प्रेमानं फिरवत होती, देवालाच ठाऊक.

रविवारी सकाळी दार वाजलं. ताईनं फटीतून पाहिलं आणि ती आतल्या खोलीत गेली. "म्हातारी आलीय. मला तोंड बघायचं नाही. सांग, घरी नाही म्हणून."

धाकटीनं दार उघडलं, अर्धंच. मावशी कठड्याला धरून उभी होती, जिने चढून दम लागला होता. या एवढ्या वर्षांत ती या घरी पाहुणी म्हणून कधी थांबली नव्हती, सरळ आत यायची. आज मात्र ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ताई नाही घरी."

"आहे गं, चपला आहेत तिच्या." मावशीनं आवाज खाली आणला. "नको बोलू दे तिला माझ्याशी. पण तू शिकलेली आहेस, तुझं ती ऐकेल. तिला एवढंच सांग, मी नाही सांगितलं. लेकरासारखी शिकवली तिला, मी कशाला सांगेन? दोन रात्री डोळा नाही लागला. कोणी सांगितलं ते मला नाही माहीत, पण मी नाही. सांगशील ना?"

सोमवार उद्यावर आला होता. धाकटीनं त्या म्हातारीच्या तोंडाकडं नीट पाहिलं. माणूस ओळखता यायचा तिला. हिला फक्त एक 'हो' हवा होता, तेवढ्यावर ती जिने उतरून गेली असती.

"सांगते," ती म्हणाली.

"देव तुझं भलं करो पोरी," मावशी म्हणाली, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली.

धाकटीनं दार लावलं, कडी घातली.

आतून ताईनं विचारलं, "काय म्हणत होती?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "चुकलं म्हणत होती. कबूल करत होती."