बिनरांगोळीचं दार

साताऱ्याचा गोपालकृष्ण कुंभकोणमला शिकायला आला, तेव्हा त्याला रस्ता ओलांडायचीही भीती वाटत होती. तमिळ एक अक्षर कळेना, कावेरीपलीकडच्या कॉलेजात जायचं तर वेताची गोल होडी, आणि तिच्यात पाय ठेवताच हा गार. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी हनुमंतरावांच्या काशीयात्रेतल्या स्नेह्याचा मुलगा म्हणून तो त्यांच्याच घरी उतरला होता. ते आपल्या मुलाला म्हणाले, "सेतु, ह्याला परमुलूख आहे. बोट धरून फिरीव."

सेतुरामनं फिरवलं. होडीत मधोमध बसायचं, देऊळ उजव्या हाताला ठेवून चालायचं, पानात वाढणाऱ्याला "पोदुम" म्हटल्याशिवाय भात थांबत नाही, सगळं शिकवलं. सुरुवातीला त्याला मजाही वाटली. आपल्याला येतं ते दुसऱ्याला येत नसलं की कुणाला बरं वाटत नाही?

पण भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! दिवाळीपर्यंत गोपाळ एकटा होडीतून जाऊ लागला, वर नावाडी त्याला गायला लावू लागला. गल्लीतल्या बायका सेतूला हाक मारायच्या त्या "गोपाळ कुठे आहे?" हे विचारायला. सगळ्यात वाईट म्हणजे घरातलं. हनुमंतराव भजनमठाचे मुख्य. त्यांच्या तीन पिढ्यांनी तंजावरकडची जुनी मराठी जपलेली. गोपाळनं एक अभंग म्हटला आणि ते डोळे पुसत म्हणाले, "ऐका, देशावरचा उच्चार कसा आहे तो!" सेतू तिथंच झांजा घेऊन बसला होता. त्याच्या उच्चारासाठी आजवर कुणी डोळे पुसले नव्हते. त्याच्या पोटात दुखलं, आणि ते दुखणं मग गेलंच नाही.

मार्गळी, म्हणजे तमिळ मुलखातला मार्गशीर्ष, लागला. वैकुंठ एकादशीच्या सकाळी मठाचा प्रमुख खांद्यावर तांब्याचं भांडं घेऊन गल्लीतून गात निघतो. दारोदार मूठमूठ तांदूळ पडतो आणि त्याचाच विठ्ठलाला नैवेद्य होतो. भांडं उचललं की परत येईपर्यंत त्याला कुणी अडवत नाही. यंदा हनुमंतरावांचा गुडघा धरलेला. भांडं आता आपल्याच खांद्यावर येणार, हे सेतूनं धरूनच ठेवलं होतं. लहानपणापासून तो बापामागं झांजा वाजवत चालला होता, तो काय उगीच?

"यंदा गोपाळ उचलेल," हनुमंतराव जेवताना म्हणाले. "गोविंदपुरमच्या मठाची मंडळी येणार आहेत, त्यांनाही ऐकूं दे. सेतु, तू ह्याला रीत सांग."

सेतूनं पान अर्धं टाकून हात धुतला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तो गोपाळला गल्ली दाखवायला घेऊन गेला. प्रत्येक उंबऱ्यापुढे भली मोठी रांगोळी, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. गोपाळ हरखून गेला.

"इथल्या बायकांना रांगोळीची केवढी हौस रे!"

ही हौस नव्हे. या मुलुखात दारापुढे रांगोळी नाही म्हणजे घरात सुतक. त्या दारी गायचं नाही, हात पसरायचा नाही, मान खाली घालून पुढं जायचं. हे सांगायला सेतूनं तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून म्हातारी अलमेलू ओरडली, "गोपाळा, एकादशीला तूच गाणार ना?"

"हौसच," सेतू म्हणाला.

"आणि जिला हौस नाही ती काढत नसेल?"

"नसेल."

एकादशीच्या सकाळी गोपाळनं भांडं खांद्यावर घेतलं. मागं सेतू झांजा घेऊन, त्याच्यामागं मंडळी, सगळ्यांच्या शेवटी काठी टेकत हनुमंतराव. गोपाळ रुक्मिणीच्या लग्नाचं पद गात होता, आणि मेला गातही असा होता की दाराआडच्या सुना बाहेर येऊन उभ्या राहत होत्या.

दोन घरं आधीच सेतूला दिसलं. गल्लीतल्या शिवकामीचा उंबरा कोरा होता. आदल्या दिवसापर्यंत त्या घरात काही नव्हतं, म्हणजे पहाटेच काही झालं असणार. गोपाळचं उपरणं हाताच्या अंतरावर होतं. एक हिसका पुरला असता. सेतूनं झांजांकडे नजर लावली आणि ताल धरून ठेवला.

गोपाळ त्या कोऱ्या उंबऱ्यापुढे थांबला आणि नवरीच्या हळदीचं कडवं गाऊ लागला.

शिवकामी बाहेर आली ती ओल्या केसांनी. "आज नको रे बाबा," ती तमिळमध्ये म्हणाली. "पहाटे मायावरमहून माणूस आला. बाळंतपणात माझी लेक गेली." आणि ती दारातच खाली बसली.

झांजा थांबल्या. एवढं तमिळ आता गोपाळला कळत होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हनुमंतराव काठी आपटत पुढं आले. त्यांनी शिवकामीला हात जोडले, सगळ्यांना पुढच्या वळणापर्यंत नेलं आणि मग गोपाळकडे वळले.

"कोरा उंबरा दिसला नाही तुज? सेतु, तू ह्याला सांगितला नव्हतास?"

गोपाळनं सेतूकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, ते सेतूलाही कळलं.

"सांगितलं होतं, काका," गोपाळ म्हणाला. "मीच विसरलो."

हनुमंतरावांनी त्याच्या खांद्यावरून भांडं उतरवलं आणि सेतूच्या खांद्यावर ठेवलं. "चल. आपलं ते आपलंच."

एवढ्या एका वाक्यासाठी सेतू दोन महिने जळत होता. ते मिळालं, आणि तोंडात कडू झालं. तो गायला. आवाज चांगला लागला, मंडळींनी माना डोलावल्या. मागं गोपाळ झांजा वाजवत होता. त्याचा ताल एकदा तरी चुकावा म्हणून सेतूनं कान लावून ठेवले होते. तो चुकला नाही.

मठात भांडं उतरवल्यावर गोपाळ जवळ आला. आता हा चारचौघांत बोलणार, म्हणून सेतूनं अंग चोरलं.

"संध्याकाळी जाऊ पुन्हा गल्लीत," गोपाळ हळूच म्हणाला. "इथं कसं चालायचं ते आता तरी नीट सांगशील ना?"

सेतूनं मान हलवली. शरम वाटली ती वाटलीच. पण त्याहून खोल, अगदी तळाशी, जुनंच दुखणं पुन्हा उठलं. एवढं मोठं मनसुद्धा या साताऱ्याच्या पोराकडेच असावं, याचा त्याला हेवा वाटला.