मेलेला राजा जेवायला बसला

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे, एका इंग्रजी शोकनाटकाचं. माझी गोष्ट मला सलग सांगता येईल की नाही, कोण जाणे. मध्यंतरी माझी पानंच सलग नव्हती.

भिवंडीच्या एका शाळेत नववीचे वर्ग मला हाताळत आले. दर वर्षी वर्ष संपे, मी मात्र संपत नसे. त्यामुळे माझी सुरुवातीची पानं शाईनं, घामानं मळली आणि शेवटची कोरी करकरीत राहिली. २००४ साली माझी शिवण सुटली. शिपाई बाबूकाकांनी मला आपणहून शिवलं. ते पूर्वी कारखान्यात कापडाच्या घड्या घालत. चांगला भाग वर, डागाळलेला आत, अशी त्यांच्या हाताची सवय. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी स्वच्छ पानं वर घेतली, मळकी आत दडवली आणि कडा सारख्या दिसाव्यात म्हणून पानांचे आकडेही कापून टाकले.

"नव्या ताग्यासारखं दिसतंय बघा!" ते म्हणाले. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही फुशारलो.

त्याच वर्षी इंग्रजीचे सर बदलून गेले आणि विज्ञानाचे केसरीनाथ सर मला शिकवू लागले. शाळेत माझी एकच प्रत होती. पहिल्याच आठवड्यात राजा मेला. तिसऱ्या आठवड्यात तो भावाबरोबर जेवायला बसला. मी गोंधळलो. सरही गोंधळले असावेत.

"ते त्याचं भूत आहे. लिहून घ्या," ते म्हणाले.

वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरून येणारी सखी वर्गात कधी तोंड उघडत नसे. सहामाहीत 'राजा का मेला?' हा प्रश्न येणार होता. इंग्रजीत पुन्हा नापास झाली, तर बाप तिला पडघ्याच्या गोदामात कामाला लावणार होता. सरांचं भुताचं उत्तर तिला पटेना, म्हणून पाठही होईना. शेवटी ती उठली.

"सर, भूत जेवतंय कसा? राजा अजून मेला न्हाय."

"हिच्या पाड्यावरची भुतं उपाशी असतात, सर!" मागून भाविक ओरडला. वर्ग हसला.

सखी तरीही बसली नाही. "भावाला मारला म्हणून तो मरतो. पन भाऊ तर जिता हाय. पानांचा कायतरी चुकलाय."

सरांनी माझी दोन-चार पानं पुढंमागं चाळली. मग त्यांनी प्रयोगशाळेतून ब्लेड मागवून माझी शिवण उसवली.

"लाव तू," ते म्हणाले.

तिला निम्मे शब्द येत नव्हते. कोण जिवंत आहे, कोणाला काय ठाऊक आहे, एवढंच शोधत तिनं मला फरशीवर मांडलं. सरांनी पहिल्यापासून वाचलं. राजानं संशयानं भावाला मारलं. भाऊ निर्दोष होता हे कळल्यावर स्वतःलाही संपवलं. या वेळी तो परत आला नाही.

भाविकनंही वही पुढं ओढली.

"माझं उत्तर खोडा," सर म्हणाले. "आपापलं लिहा."

सखीनं परीक्षेत चारच ओळी लिहिल्या, चुकांनी भरलेल्या, पण स्वतःच्या. ती पास झाली, शाळेत राहिली. पानं लावली त्या दिवशी मात्र ती रडत होती.

"सर, मघाशी जेवत व्हता तो. मीच पाना लावून मारला त्याला."

सरांनी माझं शेवटचं पान तिच्याच हातात राहू दिलं.

मित्रांनो, मला जरूर शिवा, पण आधी थोडं वाचून बघा. आणि कोणी माझ्या शेवटच्या पानाशी थांबलं असेल, तर मला त्याच्या हातातून लगेच ओढून घेऊ नका.