ढगाळ दिवसाचा गॉगल

राजानंद हवालदाराला तीर्थपुरीत एकही माणूस शहाणा वाटत नसे. चौकात प्रीतीचा बॅनर लागला त्या दिवशी तर त्याची खात्रीच पटली. प्रीती त्याच्या धाकट्या भावाची, सर्जेरावची, मुलगी. कॉलेजच्या एनसीसीतून हिमाचलातल्या महिनाभराच्या गिर्यारोहण शिबिरासाठी तिची निवड झाली होती, आणि बॅनरवर तिच्या नावापुढे ‘हिमकन्या’ असं छापलं होतं. उभ्या जन्मात ज्यांनी बर्फ फक्त रसवंतीवर पाहिला, त्यांनी हे नाव शोधलं होतं. कोपऱ्यात राजानंदचाही वर्दीतला फोटो होता, आणि त्याखाली ‘सीमेवर डोळा गमावलेले वीर जवान’. ती ओळ मात्र त्याने नीट वाचली नाही.

फोटोत प्रीतीच्या डोळ्यांवर जो गॉगल होता तो सोमेश्वरभाऊंनी दिलेला. सोमेश्वरभाऊ म्हणजे येत्या निवडणुकीत उभं राहायचं म्हणून आतापासूनच गावभर हात जोडत फिरणारा माणूस. गॉगल बाहेरून निळ्या आरशाच्या, आतून काळ्या काचेचा, भला मोठा, रविवारी भाऊंनी ठेवलेल्या तिच्या सत्कारात सगळ्यांसमोर पुन्हा घालायचा. राजानंदने तो हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि खाटेवर टाकून दिला.

“अतिनील किरणं अडवायची खूण कुठंच न्हाई याच्यावर,” तो म्हणाला.

“दादा, काळीकुट्ट तर आहे काच,” सर्जेराव म्हणाला.

“काळी काच म्हणजे बचाव न्हाई, सर्जा. अंधारलं की बुबुळातली बाहुली मोठी होते, आन् न दिसणारं ऊन अजून आत शिरतं. त्यापेक्षा उघडे डोळे बरे.”

“भाऊंनी मानानं दिलाय. फोटोत किती झ्याक दिसून राह्यलाय.”

“फोटो काढायला चालली का ती तिथं?”

सर्जेरावने गॉगल उचलून सदऱ्याला पुसला. भावाचं बोलणं पटलं नाही की तो असाच हाताला काम लावून घेई, आणि राजानंदला त्याची ती तऱ्हाही बावळट वाटे. राजानंदने डेहराडूनच्या, फौजेतल्या जुन्या सोबत्याला फोन लावला. तीन दिवसांनी कुरिअर आलं. साधा राखाडी गॉगल, आत प्रीतीचा नंबरचा चष्मा मावेल एवढी जागा, आणि बदलायच्या दोन काचा. एक गडद, एक पिवळी. पिवळी काच पाहून सर्जेराव हसला. म्हणाला, कावीळ झाल्यावर घालायचा दिसतोय हा. प्रीतीही हसली, आणि तिने निळा गॉगल उचलून पुन्हा कपाळावर चढवला.

राजानंदने वाद घातला नाही. जालना जिल्ह्यात बर्फ मिळत नाही, पण डिसेंबरात जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग दोन पुरुष उंच असतात. दुपारी बारा वाजता तो प्रीतीला तिथे घेऊन गेला आणि ढिगावर चढवलं. कापसावरून ऊन असं उसळत होतं की त्याचा चांगला डोळासुद्धा पाणावला.

“निळा लाव.”

तिने चष्म्यावर निळा गॉगल दाबला. चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. नाकापाशी बोटभर फट राहिली आणि तिथून ऊन सरळ आत आलं. चार पावलं चढली तोच तिच्याच श्वासाने काच धुरकटली. मग राखाडी गॉगल, गडद काच. तो कपाळापासून गालापर्यंत सगळीकडे अलगद टेकला, कुठे रुतला नाही, कुठे फट नाही.

“आता शेडमधी चल.”

पत्र्याखाली उजेड मळकट होता, सावलीच पडत नव्हती. त्याने तिला पुन्हा निळा लावून तिथल्या ढिगावर चालायला सांगितलं. सगळा कापूस तिला सपाट दिसत होता. सातव्या पावलाला ती एका खळग्यात कमरेपर्यंत गेली. कापूस भरणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग पिवळी काच लावून ती तोच ढीग चढली. आता प्रत्येक चढ, प्रत्येक खळगा वेगळा उमटला होता.

“पटलं,” ती अंगावरचा कापूस झटकत म्हणाली. “हाच नेते. पण मोठे पप्पा, ढग आले की मी काढूनच ठेवीन. ऊनच न्हाई तर कशाला?”

“ढगातबी लावायचा.”

“का पण?”

“मी सांगून राह्यलो म्हणून.”

“तुमचा डोळा तर गोळीनं गेला,” ती म्हणाली. “बर्फाचं तुम्हाला काय झालं?”

राजानंद दोन्ही गॉगल पिशवीत कोंबून फाटकाकडे निघाला. परत येताना त्याला कळून चुकलं, पोरगी ऐकणार नाही. दिसेल तेवढ्यावर विश्वास ठेवायचा, सांगणाऱ्याला अडाणी समजायचं. ही खोड तिने कुणाकडून उचलली, तेही त्याला कळलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

रविवारी मांडव भरला. सोमेश्वरभाऊ अर्धा तास बोलले. मग निळा गॉगल राजानंदच्या हातात देऊन त्यांनी माइक त्याच्यापुढे धरला. “आता सीमेवरच्या वीरानंच आपल्या पुतणीला हा घालावा.”

राजानंदने गॉगल टेबलावर ठेवला आणि माइक घेतला.

“माझ्या डोळ्याला गोळी लागली न्हाई,” तो म्हणाला. “त्या दिवशी बर्फातल्या चौकीवर ढग होते. साहेब म्हणले, गॉगल काढू नका. मी म्हणलं, ऊन कुठाय, ह्यांना काय कळतं. दिवसभर खिशात ठेवला. ढगातूनबी न दिसणारं ऊन बर्फावरून उसळतं. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यागत झालं. सांगायची लाज वाटली म्हणून चोळत बसलो. एक डोळा सुधारला. दुसरा चिघळला, त्यात पांढरं फूल पडलं आन् नजर गेली. गावी आलतो तवा तुम्ही हार घेऊन उभे होते. गोळी लागली असं मी कधी म्हणलो न्हाई. न्हाई लागली असंबी म्हणलो न्हाई. तुम्हाला येडं समजत राह्यलो, आन् तुमचेच हार घालून घेतले.”

सोमेश्वरभाऊंनी हळूच माइक काढून घेतला आणि चहाची व्यवस्था मागच्या बाजूला आहे असं जाहीर केलं. सर्जेराव मान खाली घालून बसला होता. लोक उठले ते राजानंदकडे न बघताच.

प्रीती जागची उठली नाही. तिने पिशवीतून राखाडी गॉगल काढला, पिवळी काच बसवली, चष्म्यावर चढवला आणि मागचा पट्टा ओढून घट्ट केला. वर कापडाचं छत होतं, बाहेर आभाळ भरून आलं होतं, उन्हाचा कवडसासुद्धा कुठे नव्हता. ती तशीच चहा वाटायला गेली, आणि शेवटचा कप राजानंदच्या हातात देईपर्यंत तिने गॉगल काढला नाही.