मंगळवारची माणसं

चर्चचे डीकन गेन्स यांनी फळ्यावर दोन नावे लिहिली, हात झटकले आणि खुर्च्यांकडे वळले. पहिले नाव डॉ. लूशस रेडमंड. दुसरे व्हर्लीन पेटवे.

चर्चच्या तळघरात अठरा-वीस माणसे जमली होती. डेटन शहरात, नदीच्या पश्चिमेला, काळ्यांच्या वस्तीत, नगरपालिका नवे वाचनालय बांधत होती. नाव सुचवा म्हणून पत्र आले होते. ते आपल्यातल्याच कुणाचे तरी असावे, यावर सगळ्यांचे एकमत होते. अट एकच होती. ज्यांना त्या व्यक्तीच्या कामाचा स्वतः लाभ झाला, अशा दोघांनी लिहून सही केलेली पत्रे जोडायची. डॉक्टरांच्या रुग्णांची दोन पत्रे बोस्टनहून येऊनही पडली होती.

"आपल्या पोरांना भिंतीवर कोण दिसतं?" डीकन म्हणाले. "चेंडू टाकणारे, नाहीतर गाणारे. एकदा तरी माणसाचं हृदय उघडून पुन्हा शिवणारा दिसू दे. आणि खरं सांगायचं तर, नदीपलीकडच्या गोऱ्या मंडळींनाही हे नाव लगेच पटेल."

"म्हणजे आपल्यातलं मोठं कोण, ते त्यांना विचारून ठरवायचं?" रूथेल पेटवे म्हणाली. दुसरे नाव, तिच्या आईचे, तिनेच सुचवले होते. "लूशस अठराव्या वर्षी गाव सोडून गेला. त्यानंतर आला तो एकदाच, आईला पुरायला."

"गेला म्हणून तर डॉक्टर झाला," मागच्या रांगेतून रॉस्को न्हावी म्हणाला. "इथे राहिला असता तर माझ्या दुकानात केस झाडत बसला असता." लोक हसले तसा त्याला चेव आला. "आणि तुझ्या आईचं नाव दिलं ना पोरी, तर लोक पुस्तकं सोडून ताट मागतील!"

सगळे ज्यांना मानाने मिस व्हर्लीन म्हणत, त्यांनी एकतीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढले होते. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या पहिल्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. सगळ्यांबरोबर त्याही हसल्या.

रूथेल हसली नाही.

"मंगळवारी संध्याकाळी ममा मला वर पाठवायची आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. माणसं मागच्या बाजूने यायची. मी जिन्यात बसून ऐकायचे. आवाज मोठ्या माणसांचे, लोखंडाच्या भट्टीवर काम करणाऱ्यांचे, आणि वाक्यं पहिलीच्या पुस्तकातली. एकेक अक्षर जुळवत. वीस वर्षं तिने लोकांना वाचायला शिकवलं."

"कुणाला?" कुणीतरी विचारले.

रूथेल आईकडे वळली. "सांग ना, ममा. दोनच नावं हवीत."

"दार लावत होते ते काय वारा येतो म्हणून?" मिस व्हर्लीन म्हणाल्या. "कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय मी. खाली बस. लूशस चांगला मुलगा आहे. त्याचंच नाव द्या."

बोलताना त्यांची नजर फळ्यावर होती. फळ्याजवळ उभ्या असलेल्या डीकनकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. डीकनच्या ते लक्षात आले. सत्तावीस वर्षे त्या असेच करत आल्या होत्या. रविवारी ते बायबलचा उतारा वाचायला उभे राहिले की त्या मान खाली घालून आपल्या पुस्तकात बघत. एखाद्या अवघड नावाशी डीकन अडखळले तरी ती मान वर होत नसे. डीकनचे ते वाचन ऐकायला दुसऱ्या वस्त्यांतूनही लोक येत.

"घ्या मग, हात वर करा," कुणीतरी म्हणाले.

डीकननी खडू उचलला. पहिल्या नावाखाली रेघ ओढायची, एवढेच राहिले होते. त्यांनी खडू पुन्हा खाली ठेवला.

"अलाबामात कापूस वेचायच्या दिवसांत आमची शाळा बंद ठेवायचे," ते म्हणाले. आवाज रविवारचा नव्हता. "मी सगळे मिळून दोन हिवाळे शाळेत गेलो. इथे भट्टीवर लागलो तेव्हा कागदावर सहीच्या जागी फुली मारली. एकेचाळीस वर्षांचा होतो, तेव्हा एका मंगळवारी मागच्या दाराने आत गेलो."

डीकननी बोटांना लागलेला खडू पुसला.

"पहिली दोन वर्षं मी रविवारचा उतारा पाठ करून यायचो. शनिवारी मिस व्हर्लीन मला तो पुन्हा पुन्हा वाचून दाखवायच्या. तुम्ही आमेन म्हणायचात, आणि मी पानावर नुसता हात ठेवलेला असायचा."

"ऑब्री," मिस व्हर्लीन म्हणाल्या. चर्चमध्ये डीकनना नावाने कुणी हाक मारत नसे. "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं? मी शब्द दिला होता."

"तुम्ही दिला होता. मी कुठे दिला होता?"

मिस व्हर्लीन यांनी पर्सची कडी उघडली, मिटली.

डीकन टेबलाशी बसले. कोरा कागद पुढे ओढून सावकाश लिहू लागले. बाजूला केक कापायचा राहिला होता, पण कुणी उठले नाही. कागदावर पेन सरकल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मागच्या रांगेतली एक खुर्ची वाजली. रॉस्को टेबलापर्यंत आला आणि डीकनच्या मागे उभा राहिला. आता हा काहीतरी थट्टा करणार, असे रूथेलला वाटले.

"तुमचं झालं की," तो म्हणाला, "पेन इकडे द्या."