जळगावचा ळ

ऑनलाइन प्रशिक्षणं मला आवडतात, कारण त्यात भाजी निवडून होते. कॅमेरा बंद, आवाज बंद, फोन माठाला टेकवून ठेवायचा आणि मेथीची जुडी सोडायची. मधूनच कोणीतरी विचारतं, "माझा आवाज येतोय का?" मग आपण 'हो मॅडम' असं टाइप करायचं आणि पुढची जुडी घ्यायची. शिरपूर तालुक्यात शासनाच्या वेळेत माझ्याइतकी मेथी कोणी निवडली नसेल.

यंदाचं प्रशिक्षण मात्र खोडसाळ निघालं. ते भाषा शिकवणाऱ्यांसाठी होतं आणि त्यात प्रत्येकाला दुसऱ्या गावचा एक सोबती दिला होता. दर मंगळवारी संध्याकाळी दोघांनी व्हिडिओवर बोलायचं, एकमेकांच्या अडचणी ऐकायच्या आणि शेवटी दोघांच्या वर्गांचा मिळून एक तास घ्यायचा. म्हणजे कॅमेरा चालू ठेवणं आलं. माझ्या भाजीवरच घाला!

माझी सोबतीण होती मिसबाह. जळगावच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवणारी, वयानं माझ्याहून बरीच लहान. तिचा पहिला मेसेज वाचून मी सावरूनच बसले. इतकं देखणं मराठी, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, उगाच एक शब्द जास्त नाही. आमच्या शाळेच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर लोक विचारतील, हा कुठून उचलला.

मग मंगळवारी ती बोलली.

"नमस्कार मॅडम. मी मिसबाह, जलगावहून. माझ्या शालेत..."

"जळगाव," मी म्हटलं. काय करणार, सवय. चुकीचा उच्चार कानावर पडला की माझी जीभ आवरत नाही. लग्नाच्या पंगतीतही आवरत नाही.

"जलगाव," ती म्हणाली.

"ळ. जळगाव."

"तेच म्हटलं ना मॅडम. जलगाव."

स्वतःच्या गावाचं नाव म्हणता येत नाही आणि ही मराठी शिकवते, असं मनात आलं. तोंडावरही आलं असणार, आणि कॅमेरा चालू होता. तिनं मान खाली घातली. (तिच्या पुढच्या बोलण्यातले ळ मी इथं सुधारून लिहिलेत. सवय.)

"मला माहीत आहे मॅडम, माझा तो उच्चार नीट नाही," ती म्हणाली. "लिहिताना मी चुकत नाही. बोलताना कुठं जातो कोण जाणे. आमच्या घरात तो आवाजच नाही. आणि आता त्याच्यामुळे माझ्या वर्गाचं अवघड होऊन बसलंय."

तिच्या शाळेत वाचनाचं एक ॲप आलं होतं. तसं ते आमच्याकडेही आलं होतं. मूल मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो. शब्द बरोबर आला तर हिरवा, चुकला तर लाल. तिच्या वर्गात ळ असलेला शब्द दिसला की लाल. तबस्सुम नावाची मुलगी वर्गात सगळ्यांत आधी हात वर करायची. पानभर लाल बघितल्यापासून ती मोठ्यानं वाचायचीच बंद झाली होती. घसा दुखतो म्हणायची.

"हाशम सर आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही," मिसबाह सांगत होती. "त्यांना काळजी वाटते, आपली मुलं पुढं कॉलेजात गेली की लोक हसतील. ते म्हणाले, दिवाळीनंतर टाइमटेबल बदलू. मराठी दुसऱ्या कोणाला देऊ, तुम्ही भूगोल घ्या. भूगोलात काही वाईट नाही मॅडम. पण मी एम.ए. मराठीत केलंय. घरात सगळे म्हणत होते, मराठी घेऊन काय करणार. मी हट्टानं घेतली. आता तीच काढून घेतली तर..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. नेटवर्क चांगलं होतं. तिचाच आवाज बसला होता.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वतःवरच चिडून बसले. कारण हसणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या खान्देशी बोलीत ळचा य होतो. आम्ही केळीला केयी म्हणतो, डोळ्याला डोया. डी.एड.ला धुळ्याला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गात उभी राहून "मी धुयाले शिकाले उनू" म्हटलं आणि सगळा वर्ग फुटला. त्यानंतर कितीतरी दिवस मी एसटीच्या खिडकीशी बसून, कोणाला दिसणार नाही अशी, 'धुळे, धुळे' म्हणत घरी यायचे. ळ आला, पण त्या वर्षात मी वर्गात तोंड उघडलं नाही. आणि ती तबस्सुम घसा दुखतो म्हणते.

पुढच्या मंगळवारी मी पदर खोचूनच बसले. म्हटलं, या पोरीचं मराठी कोण काढून घेतं ते बघतेच.

पण ऐकून जमेना. फोनचा आवाज असा, की मी ळ म्हटलं तरी तिच्यापर्यंत ल पोचायचा. मग ठरवलं, ऐकून नाही तर बघून. दिव्याखाली बसायचं, फोन तोंडासमोर धरायचा, तोंड मोठ्ठं उघडायचं आणि जीभ टाळूकडे कुठवर वळते ते एकमेकींना दाखवायचं. त्या संध्याकाळी दोन चांगल्या शिकलेल्या बायका आऽऽ करून एकमेकींच्या घशात बघत होत्या. पडजीभसुद्धा दिसली. ळ काही दिसला नाही.

तेवढ्यात माझ्या सासूबाई, अक्का, चष्मा पुसत आल्या.

"काय व्हयनं वं तुना तोंडले?" त्यांनी घाबरून विचारलं. "बठ्ठा दात दुखी राह्यनात का?"

"अक्का, मी शिकाडी राह्यनू," मी तोंड न मिटताच सांगितलं. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्या लवंग आणायला गेल्या.

तिकडे मिसबाह हसून हसून बेजार झाली होती. मी पुन्हा दामटलं, तोंड उघडा, जीभ मागे वळवा. तिनं उघडलं, आणि त्याच वेळी तिच्या ओट्यावरच्या दुधाकडे एक मांजर निघालं. फोन तसाच तोंडासमोर धरून ती आतल्या कोणावर तरी ओरडली, "अरे पकड़ो उसे!"

मी जागच्या जागी उडाले. कारण मला दिसलं. तिची जीभ उलटी वळून टाळूवर नेमकी त्याच जागी टेकली होती, जिथं मी तिला तासभर बोलावत होते.

"थांबा! आत्ता काय म्हणालात?"

"मांजर आहे मॅडम, दूध..."

"दूध पिऊ दे त्याला! तो शब्द परत म्हणा."

"पकड़ो."

"नुसतं पकड़ म्हणा. ड़ला जीभ जिथं जाते तिथंच राहू दे. सोडू नका. आता तिथूनच ल म्हणा."

ती थांबली. डोळे मिटले. तिचे ओठ जरा हलले.

"...ळ."

मग ती हळूच म्हणाली, "जळ... गाव." आणि पुन्हा, "जळगाव. जळगाव, मॅडम! मी जळगावची आहे!" असं म्हणत तिनं चक्क डोळ्यांना ओढणी लावली. इकडे अक्कांनी माझ्या हातात लवंग ठेवली आणि मी ती आनंदानं चावून टाकली. मांजराचं काय झालं ते कळलं नाही.

पुढचं सगळं तिचं आहे, ते माझ्या नावावर खपवायचं नाही. मी सुचवलं होतं, वर्णमालेचा तक्ता लावा, मूर्धन्य म्हणजे काय ते समजावून सांगा. ती म्हणाली, "नको मॅडम. मुलं झोपतील. आम्ही पकड़म-पकड़ाई खेळू." तिच्या गल्लीत शिवणापाणीला हेच नाव. खेळ असा की सड़क, लड़का, पहाड़ यातला एकेक शब्द म्हणायचा, ड़ वर जीभ 'पकडायची' आणि ल म्हणून सोडायची. जिची किंवा ज्याची निसटली, त्याच्यावर राज्य.

"तुमच्या वर्गाचे रंग कसे आहेत मॅडम?" तिनं मध्येच एकदा विचारलं.

"बरे आहेत," मी म्हटलं. मग मलाच राहवेना. "बरे कसले! आमचीही केळी लालच आहेत."

तिला तर फार बरं वाटलं. "मग आपली मुलं एकमेकांसमोरच बसवू," ती म्हणाली. "दोघंही चुकतात हे दोघांना दिसू दे."

दिवाळीच्या सुट्टीआधी आमचा जोडतास झाला. माझ्या शाळेत भिंतीवरच्या टीव्हीत तिचा वर्ग दिसत होता आणि तिच्या शाळेतल्या पडद्यावर आमचा. तिच्या वर्गात अगदी मागच्या बाकावर हाशम सर बसले होते. पांढरी दाढी, खिशाला पेन, हाताची घडी. या तासावरच त्यांचं ठरणार होतं, हे मिसबाहनं मला सकाळीच कळवलं होतं. 

तिनं फळ्यावर एकच शब्द लिहिला, शाळा. मग आमच्याकडे बघून विचारलं, "शिरपूरकर, तुम्ही घरी याला काय म्हणता?"

"शाया!" माझी पोरं ओरडली.

तिचा वर्ग खो खो हसला. मला माझं धुळे आठवलं आणि मी पुढे सरसावले. पण तिनं हात वर करून आपल्याच वर्गाला विचारलं, "आणि आपण?"

"शाला!"

आता माझी पोरं हसली. बाकं बडवून हसली. दोन्हीकडचं हसून झाल्यावर मिसबाह शांतपणे म्हणाली, "झालं ना हसून? फिटंफाट. घरी आपापलंच म्हणायचं, ते कोणी बदलायचं नाही. आजीशी बोलताना तर मुळीच नाही. पण हा एक तिसरा आवाज आहे. तो कुठं लपलाय ते आज मिळून पकडू."

आणि खेळ सुरू झाला. तिकडून सड़क आली, इकडून माझ्या पोरांनी गाडी आणि घोडा काढला, कारण बोलताना आमचा ड सुद्धा तिथंच आपटतो. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी पोरांना नुसतं "नीट म्हणा" म्हणत आले. नीट म्हणजे जीभ कुठं ठेवायची, हे कधी सांगितलं नाही. माझ्या पोरांच्या जिभा वळल्या, निसटल्या, कोणाची लाळ गळली, कोणी दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघितलं. एवढा गोंधळ माझ्या वर्गात मी एरवी चालवून घेतला नसता.

मग मिसबाहनं फोनवर ते ॲप सुरू केलं आणि विचारलं, कोण वाचणार.

कोणी हात वर केला नाही. फोन दिसताच तिचा वर्ग गप्प झाला. मिसबाहनं कोणाचं नाव घेतलं नाही, नुसती उभी राहिली. मला टीव्हीत शिरून तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला.

तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. वेण्या घट्ट बांधलेल्या, चेहरा उतरलेला. मिसबाहचे डोळे मोठे झाले, त्यावरून मी ओळखलं, ही तबस्सुम.

"सकाली," तिनं सुरुवात केली आणि थांबली. हळूच पुटपुटली, "पकड़." मग पुढं, "सकाळी कावळा केलीच्या..." पुन्हा थांबली. फोनकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतःच मागे आली. "केळीच्या पानावर बसला. बाळ डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होतं."

माझा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं. तबस्सुमनं पडद्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. फोनमध्ये किती हिरवं, किती लाल, हे कोणी विचारलंच नाही.

मी मात्र मागच्या बाकाकडे बघत होते. हाशम सर हसत नव्हते, टाळ्याही वाजवत नव्हते. दाढीवर हात ठेवून बसले होते आणि त्यांचे ओठ विचित्र हलत होते. आटोपला कारभार, मला वाटलं.

ते उठले. चालत पुढे येऊन ते फळ्यापाशी, मिसबाहसमोर उभे राहिले.

"मिसबाह मॅडम, ते दिवाळीनंतरचं टाइमटेबल..."

आणि थांबले. तोंड जरासं उघडलं. जीभ उलटी वळली, टाळूला टेकली. मला ती इथून, शिरपूरहून, स्पष्ट दिसली.

"वे... ळा... पत्रक," ते म्हणाले. मग पुन्हा, एका दमात, "वेळापत्रक." त्यांचं त्यांनाच नवल वाटलेलं दिसलं. "वेळापत्रक बदलणार नाही. मराठी तुमच्याकडेच राहील."

"सर, फिर से बोलो ना!" तिची मुलं ओरडली आणि सरांनी खरंच पुन्हा म्हटलं. मिसबाह खडू हातात धरून तशीच उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

आवाज बंद करायचं बटण मी त्या दिवशी पहिल्यांदाच विसरले. माझं नाक ओढणं दोन्ही शाळांना मोठ्ठ्यानं ऐकू गेलं. माझी पोरं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली.

"बाई, तुम्ही रडी राह्यनात का?"

"नही रे," मी पदरानं डोळे पुसत म्हटलं. "नेटवर्क खराब शे."